गॅलिलिओला जाळलं नव्हतं, आणि बिग बँगची कल्पना एका फादरची

गेल्या आठवड्यात मिरज-सांगलीच्या आमच्या दोन-तीन व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच मजकूर फिरत होता. चर्चने गॅलिलिओला जाळलं. बिग बँगमुळे देवाची गरज संपली. बायबलमधले सृष्टी निर्माण करण्याचे सहा दिवस विज्ञानाने खोटे ठरवले. आणि प्रार्थनेवर एवढा विश्वास आहे, तर ख्रिस्ती लोक दवाखान्यात कशाला जातात? आमच्या चर्चच्या मंडळीतल्या, बारावी सायन्सला असलेल्या एका मुलीने तो मला पाठवून विचारलं, "काका, हे खरं आहे का?" तिच्यासाठी हे लिहितोय.

गॅलिलिओला कुणी जाळलं नाही. १६३३ मध्ये रोमच्या धर्मन्यायालयाने त्याला पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे आपलं मत मागे घ्यायला लावलं आणि १६४२ मध्ये मरेपर्यंत नजरकैदेत ठेवलं. जाळलं नाही म्हणून हा अन्याय लहान होत नाही, आणि तो चर्चनेच केला. पोप जॉन पॉल दुसरे यांनी चूक जाहीर मान्य केली ती १९९२ मध्ये. फार उशीर झाला. पण ज्याच्यावर हा अन्याय झाला तो गॅलिलिओ स्वतः श्रद्धावान कॅथलिक होता, हे मजकूर लिहिणाऱ्याने सांगितलेलं नाही.

बिग बँगचं तर मला नवलच वाटतं. विश्व प्रसरण पावतंय हे १९२७ मध्ये गणिताने मांडणारे आणि १९३१ मध्ये त्याची सुरुवात एका 'आदिम अणू'पासून झाली असं सुचवणारे जॉर्ज लमेत्र हे बेल्जियमचे कॅथलिक धर्मगुरू होते. पुढची गोष्ट मात्र आपल्या लोकांनीही नीट ऐकावी. १९५१ मध्ये पोप पायस बारावे यांनी या सिद्धांतात बायबलच्या पहिल्या पुस्तकातल्या, म्हणजे 'उत्पत्ती'तल्या, सृष्टीच्या कथेला दुजोरा पाहिला, तेव्हा लमेत्र यांना ते रुचलं नाही. आपला सिद्धांत धर्माच्या प्रश्नापासून वेगळा आहे, असं ते सांगत. म्हणून 'विज्ञानाने बायबल सिद्ध केलं' असे मेसेज आपले तरुण उत्साहाने पुढे ढकलतात, तेही मला पटत नाहीत. बिग बँगने देव खोटा ठरत नाही आणि सिद्धही होत नाही. विश्व कसं पसरलं हे गणित सांगतं. मुळात काहीतरी का आहे, हा प्रश्न त्यानंतरही उरतोच, आणि माझी श्रद्धा त्या प्रश्नाशी बोलते.

सहा दिवसांबद्दल थोडंच सांगतो. उत्पत्तीतले दिवस आपल्या नेहमीच्या दिवसांसारखे समजू नयेत, असं ख्रिस्ती धर्मपंडित संत ऑगस्टीन यांनी पाचव्या शतकात लिहिलं, डार्विनच्या चौदाशे वर्षं आधी. बायबलच्या नावाने निसर्गाबद्दल चुकीचं बोलून ख्रिस्ती माणसाने स्वतःचं हसं करून घेऊ नये, असंही त्यांनी बजावलं. आजही अक्षरशः सहा दिवस मानणारे ख्रिस्ती आहेत. पण तेवढाच ख्रिस्ती विश्वास नव्हे.

राहिला दवाखाना. हा प्रश्न मिरजेत राहणाऱ्या माणसाने विचारावा, याचं मला वाईट वाटलं. इथलं मिशन हॉस्पिटल १८९४ मध्ये सुरू करणारे डॉ. विल्यम वॉन्लेस मिशनरीच होते. त्यांच्याच नावाच्या वॉन्लेसवाडीच्या क्षयरोग सॅनेटोरियममध्ये माझी आजी कित्येक महिने होती. ती सकाळी इंजेक्शन घ्यायची आणि रात्री खाटेवर बसून प्रार्थना करायची. यातलं एक सोड, असं तिला तिथे कुणीही सांगितलं नाही.