‘वेबसाइट डब्यात घालून विकता’ या आक्षेपाविषयी

सप्रेम नमस्कार.

व्यवसायासाठी हायब्रिड (एकदाच लिहून अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर चालवायचे) अ‍ॅप घ्यावे की नेटिव्ह (प्रत्येक प्रकारच्या फोनसाठी वेगळे लिहिलेले), या माझ्या लेखावर आपण सविस्तर आणि खरमरीत प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल आभारी आहे. आपले आक्षेप मला समजले ते असे : हायब्रिड म्हणजे वेबसाइट डब्यात घालून अ‍ॅपच्या नावाने विकणे, फेसबुक आणि प्रवाशांना राहण्याची घरे मिळवून देणारी एअरबीएनबी यांनी हात पोळल्यावर जी वाट सोडली तीच मी छोट्या व्यावसायिकांना दाखवतो आहे, आणि ‘नेटिव्ह म्हणजे दुप्पट खर्च’ हे माझे वाक्य निखालस खोटे आहे. शेवटच्या आक्षेपापासून सुरुवात करतो, कारण तेथे आपले म्हणणे बरोबर आहे.

सर्व्हर, डेटाबेस, पैसे भरण्याची जोडणी, पडद्यांचे आराखडे हा सगळा खर्च दोन्ही अ‍ॅप्सना सामाईक असतो, आणि हायब्रिड घेतले तरी तपासणी अँड्रॉइडवर वेगळी आणि आयफोनवर वेगळी करावीच लागते. शिवाय ज्याचे सगळे वापरणारे अँड्रॉइडवरच आहेत, त्याला दुसरे अ‍ॅप मुळात लागतेच कशाला? ते वाक्य मी लेखातून काढून टाकले आहे.

डब्याचा आक्षेप मला अर्धाच मान्य आहे, आणि त्यातला गोंधळ माझ्याच शब्दांमुळे झाला. तीन वेगळ्या गोष्टींना मी ‘हायब्रिड’ हे एकच नाव दिले होते. कॉर्डोव्हा किंवा आयॉनिक ही साधने वापरून केलेले अ‍ॅप खरोखरच वेबव्ह्यूमध्ये, म्हणजे पत्त्याची पट्टी काढून टाकलेल्या ब्राउझरमध्ये चालते. आपले वर्णन त्याला लागू पडते, आणि नुसती वेबसाइट गुंडाळून आणलेले अ‍ॅप नाकारण्याची तरतूद अ‍ॅपलच्या नियमावलीतही, कलम ४.२ मध्ये, आहे. रिअ‍ॅक्ट नेटिव्हचे तसे नाही. तेथे कामाचा तर्क जावास्क्रिप्ट या वेबच्या भाषेत लिहिला जातो, पण पडद्यावरची बटणे, याद्या, मजकुराच्या चौकटी त्या त्या फोनच्याच असतात. फ्लटर तर फोनची बटणे वापरतच नाही. सगळा पडदा ते स्वतः रेखाटते, आणि बाजारात येणाऱ्या अ‍ॅपमधला डार्ट भाषेतला कोड आधीच यंत्रभाषेत उतरवलेला असतो. या दोहोंना डबा म्हणणे अन्यायाचे आहे.

फेसबुकचा दाखला आपण अर्ध्यावर सोडलात. एचटीएमएल५वर, म्हणजे वेबपानांच्या भाषेवर, नको इतकी मदार ठेवली ही कंपनीची फार मोठी चूक होती, अशी कबुली मार्क झुकेरबर्ग यांनी सप्टेंबर २०१२ मध्ये जाहीरपणे दिली, आणि त्याच्या आदल्याच महिन्यात त्यांचे आयफोनवरचे अ‍ॅप नव्याने नेटिव्ह बांधून बाहेर आले होते. परंतु रिअ‍ॅक्ट नेटिव्ह बांधून २०१५ साली सर्वांसाठी खुले केले तेही याच कंपनीने. दुसरे असे की, २०१२ सालचा वेबव्ह्यू आणि आजचा वेबव्ह्यू यांत पुष्कळ अंतर आहे. तेव्हा अँड्रॉइडवर तो फोनच्या आवृत्तीशी जखडलेला असे. २०१४ च्या अँड्रॉइड ५.० पासून तो प्ले स्टोअरमधून स्वतंत्रपणे सुधारला जातो. (या सोयीलाही काटा आहे : मार्च २०२१ मध्ये वेबव्ह्यूची एक सदोष आवृत्ती सर्वत्र पोहोचली आणि जीमेलसकट कितीतरी अ‍ॅप्स उघडता उघडता बंद पडू लागली. त्यांत नेटिव्ह म्हणवणारीही होती.)

एअरबीएनबीने जून २०१८ मध्ये रिअ‍ॅक्ट नेटिव्ह सोडत असल्याचे जाहीर केले, तेव्हा कारणेही मोकळेपणाने लिहून ठेवली. त्यांच्याकडे दोन मोठी नेटिव्ह अ‍ॅप्स आधीपासून उभी होती आणि त्यांत मध्ये मध्ये रिअ‍ॅक्ट नेटिव्हचे पडदे बसवायचे होते. त्यामुळे दोनाऐवजी तीन ठिकाणची यंत्रणा सांभाळण्याची वेळ आली. तरीही त्यांच्याच अभियंत्यांपैकी ६३ टक्क्यांनी, पुन्हा संधी मिळाली तर हेच निवडू, असे सांगितले होते. ज्या दुकानदाराकडे जुने अ‍ॅपच नाही, त्याला या अनुभवातून घेण्यासारखे फार थोडे आहे.

आता ज्या कामावरून माझे मत बनले ते सांगतो. सांगली भागातल्या एका दूध वितरकाचे संगणकाचे काम मी पाहतो. त्यांची अ‍ॅप्स दोन आहेत. रतीब लावणाऱ्या ग्राहकाला त्याच्या अ‍ॅपमध्ये तीनच गोष्टी करायच्या असतात : उद्याचा खाडा कळवणे, महिन्याचे बिल पाहणे आणि यूपीआयने पैसे भरणे. हे अ‍ॅप आयॉनिकमध्ये, म्हणजे आपल्या भाषेत डब्यात, आहे आणि गेली काही वर्षे विनातक्रार चालले आहे. दिवसातून जेमतेम अर्धा मिनिट उघडल्या जाणाऱ्या पडद्याला याहून अधिक काही लागत नाही.

लायनीवर दूध टाकणाऱ्या पोरांचे अ‍ॅपही आम्ही आधी त्याच पद्धतीने एका कंत्राटदाराकडून करून घेतले होते, आणि ते सपशेल फसले. पहाटे ४ ते ७ ही त्यांची वेळ, हाताला पाणी, खिशात स्वस्तातला फोन, आणि इमारतींच्या तळमजल्यांवर रेंजचा पत्ता नाही. नोंद फोनमध्ये पक्की साठवण्याऐवजी ती आधी सर्व्हरकडे पाठवण्याचा प्रयत्न होई. तेवढ्यात कोणाचा फोन आला की अ‍ॅप मागे जाई आणि बॅटरी वाचवणारी फोनची यंत्रणा त्याला बंद करून टाकी. खाडे चुकू लागले, महिनाअखेरीस बिलांवरून वाद होऊ लागले आणि दोन महिन्यांत पोरांच्या खिशात पुन्हा वही आली. हा दोष हायब्रिडचा की बांधणाऱ्याचा, असे आपण विचाराल. दोघांचाही, असे मला वाटते. नोंद आधी फोनमध्ये साठवणे त्याच पद्धतीतही जमले असते. पण अँड्रॉइड ८ पासून मागे चालणाऱ्या कामांवर जी बंधने आली, ती नेटिव्हवाल्याला थेट हाताळता येतात; हायब्रिडवाल्याला त्यासाठी कोणीतरी लिहिलेल्या प्लगइनच्या (फोनच्या सोयी हायब्रिडला जोडून देणाऱ्या तयार कोडच्या) तोंडाकडे पाहत बसावे लागते. पुढे ते अ‍ॅप कोटलिन या अँड्रॉइडच्या नेटिव्ह भाषेत, फक्त अँड्रॉइडसाठी, नव्याने लिहिले. पोरांपैकी एकाकडेही आयफोन नव्हता. एकाच धंद्यात दोन वेगळी उत्तरे बरोबर ठरली, आणि माझ्या लेखात नेमके हेच सांगायचे राहून गेले होते.

हायब्रिडविरुद्धचा सर्वांत जड मुद्दा मात्र आपण मांडलाच नाहीत, म्हणून तो मीच मांडतो. ज्या चौकटीवर (फ्रेमवर्कवर) हायब्रिड बांधतात, तिलाही आयुष्य असते. अ‍ॅडोबीने २०२० मध्ये फोनगॅप ही चौकट बंद केली. मायक्रोसॉफ्टने मे २०२४ मध्ये झॅमरिन या चौकटीचा आधार काढून घेतला. इकडे गूगल प्लेची अट दरवर्षी पुढे सरकते : ऑगस्ट २०२५ च्या अखेरीपासून नवी अ‍ॅप्स आणि सुधारणा अँड्रॉइड १५ डोळ्यांसमोर ठेवून बांधलेल्या असाव्या लागतात, आणि त्यापाठोपाठ १६ केबीच्या मेमरी-पृष्ठांची (फोन मेमरी ज्या तुकड्यांत वाटतो त्या तुकड्यांच्या आकाराची) अट आली. नेटिव्ह अ‍ॅपलाही या अटी पाळाव्या लागतात, पण तेथे मध्यस्थ कमी असतात. हायब्रिडमध्ये एखाद्या प्लगइनचा लेखक तीन वर्षे फिरकलेला नसेल तर सगळे तेथेच अडते, आणि मालकाला ते कळते ते सुधारणा नाकारली गेल्यावर.

म्हणून कंत्राटदाराकडून मी आता कामापूर्वीच प्लगइनची यादी मागतो आणि प्रत्येकाची शेवटची सुधारणा केव्हा झाली ते पाहतो. मूळ कोड मालकाच्या ताब्यात आणि स्टोअरची खाती मालकाच्याच नावावर, हा माझा आग्रह असतो. प्लेला एकदाच २५ डॉलर आणि अ‍ॅपलला वर्षाला ९९ डॉलर एवढ्यासाठी धंद्याची किल्ली दुसऱ्याच्या हाती ठेवण्याचे कारण नाही.

आपण उल्लेख केलेल्या कापड दुकानाच्या अ‍ॅपबद्दल एकच विचारतो. यादी सरकवताना ते अडखळते, असे आपण लिहिले आहे. ते वेबव्ह्यूवर आहे की फ्लटरवर, आणि आपण ते कोणत्या फोनवर पाहिलेत? यादीतले साड्यांचे फोटो मूळ आकारातच उतरवले जात असतील, तर कोटलिनमध्ये लिहिलेली यादीही तशीच अडखळेल. हे तपासून आपण कळवलेत तर तो दाखला, आपल्या बाजूने असला तरी, मी मूळ लेखात घालीन.