लीगल आहे म्हणे!

आज सकाळी फोडणीसाठी हिंगाची डबी काढायला गेले, तर मागे एक रंगीत पुडी. गमीज, म्हणजे चघळायच्या गोळ्या. वर गांजाचं पान छापलेलं. भाच्याची.

विचारलं तर म्हणतो, "अगं मावशी, लीगल आहे इथे."

आहे रे बाबा! २०२० ला इथे न्यू जर्सीत गांजावर मतदान झालं, दोन तृतीयांश लोक हो म्हणाले, एप्रिल २०२२ पासून दुकानं सुरू. वय २१ पूर्ण असलं की ओळखपत्र दाखवा, एका वेळी एक औंस घेऊन जा. गंमत म्हणजे घरच्या कुंडीत एक रोप लावलंत तर मात्र गुन्हा. दुकानदारांची सोय बरोबर बघितलीय!

पण राजा, तुझ्या पासपोर्टवर सिंह आहेत, गरुड नाही. तू एच-वनवर, नोकरीच्या व्हिसावर आहेस. परवानगी राज्याने दिलीय, केंद्राने नाही. आणि व्हिसा, ग्रीन कार्ड, नागरिकत्व सगळं केंद्राच्या हातात. ते हातचं जायला पोलिसांनी पकडायलाच हवं असंही नाही. अधिकाऱ्याने विचारलं आणि तू भोळेपणाने "हो, घेतो कधीकधी, आमच्याकडे चालतं" म्हणालास, तर तेवढंही पुरतं. ग्रीन कार्डवाल्यांनीही फार हुशारी मारू नये. २०१९ मध्ये इमिग्रेशन खात्याने सांगून ठेवलंय की राज्यात चालत असलं तरी नागरिकत्वाच्या अर्जात ते चारित्र्याला बट्टा ठरू शकतं. नुसती त्या धंद्यात नोकरी केली तरी! ही पाटी का नाही लावत दारावर? कर घ्यायला बरे पुढे असतात.

पूर्वी चिमूटभर गांजासाठी कृष्णवर्णीय पोरांना उचलायचे, ते थांबलं हे चांगलं झालं. मान्य. पण ती पोरं इथली. आमच्या पोराला विमानात बसवून देतील त्याचं काय?

खूप बोलले मी त्याला. हिंगाच्या डबीमागे लपवतोस, मग लीगल कसलं, असंही म्हणाले. तो पोळी अर्धी टाकून उठला. आता वाईट वाटतंय. एकटा राहतो बेसमेंटमध्ये, झोप लागत नाही म्हणतो. ते आधी विचारायला हवं होतं.

आणि पुडी? ती मी हिसकावून पर्समध्ये टाकली होती. दिवसभर ऑफिसला घेऊन फिरले. आत्ता किल्ली शोधताना हाताला लागली.

ग्रीन कार्डवर मीही आहेच की!