सेक्रेटेरियट ‘बाप म्हणून नापास’? आधी त्याच्या मुली बघा

तांबड्या, धिप्पाड घोड्याचा फोटो, डोळ्यांवर निळ्या-पांढऱ्या चौकटींचं ब्लिंकर, आणि खाली पाच-सहा ओळी. हा मजकूर गेल्या काही दिवसांत मला तीन वेगवेगळ्या ग्रुपवर आला. त्यातल्या दोन ग्रुपवर महालक्ष्मी आणि पुण्याच्या रेसकोर्सवर वर्षानुवर्षं जाणारी माणसं आहेत. त्यांनीही तो न तपासता पुढे ढकलला, म्हणून हे लिहायला बसलो.

मजकूर थोडक्यात असा: ‘अमेरिकेचा सेक्रेटेरियट आयुष्यात एकही शर्यत हरला नाही. अर्थात त्याच्यासमोर होतेच किरकोळ घोडे. आई अगदी साधी, वंशावळीत काही दम नाही, नाणेफेकीच्या नशिबाने मालकिणीला मिळाला. मेल्यावर डॉक्टरांनी हृदय तराजूत घातलं तर दहा किलो भरलं, तेच त्याच्या वेगाचं रहस्य. बाप म्हणून मात्र साफ नापास, त्याचा वंश त्याच्याबरोबरच संपला.’

एकेक विधान घेऊ.

‘एकही शर्यत हरला नाही.’ हरला, पाच वेळा. एकूण २१ शर्यती, १६ विजय, तीनदा दुसरा, एकदा तिसरा, एकदा चौथा. ४ जुलै १९७२ ला न्यूयॉर्कच्या ॲक्विडक्टवर पहिल्यांदा धावला तेव्हा सुटतानाच जोरदार धक्का बसला आणि तो चौथा आला. त्याच वर्षी शॅम्पेन स्टेक्समध्ये पहिला येऊनही दुसऱ्या घोड्याच्या वाटेत आल्याबद्दल त्याला दुसऱ्या क्रमांकावर ढकललं गेलं. केंटकी डर्बीला दोन आठवडे उरले असताना वुड मेमोरियलमध्ये तो तिसरा आला, तोही त्याच्याच ट्रेनरच्या, ल्युसियन लॉरिनच्या, अँगल लाइट या दुसऱ्या घोड्यामागे. त्याच्या वरच्या ओठाच्या आत गळू झालं होतं. लगाम ओढला की तिथेच दुखायचं. पुढे ट्रिपल क्राउन (केंटकी डर्बी, प्रीकनेस आणि बेलमाँट या तिन्ही शर्यती एकाच वर्षी) जिंकून झाल्यावरही सॅराटोगाच्या मैदानावर ओनियनने आणि बेलमाँटच्या मैदानावर प्रूव्ह आउटने त्याला हरवलं. दोन्ही घोडे ॲलन जर्केन्स या एकाच ट्रेनरच्या तबेल्यातले.

या पाच पराभवांनी त्याचं काही कमी होत नाही. वुड मेमोरियलनंतरचे ते दोन आठवडे ज्याला ठाऊक आहेत, त्याला डर्बीचा विजय जास्त मोठा वाटतो. ‘अजिंक्य’ म्हणून त्याच्या गोष्टीतला सगळ्यात चांगला भाग आपण पुसून टाकतो.

‘समोर किरकोळ घोडे होते.’ हे वाचून मला खरंच वाईट वाटलं, कारण हा अन्याय सेक्रेटेरियटपेक्षा शाम नावाच्या घोड्यावर जास्त आहे. ५ मे १९७३ च्या डर्बीत आणि १९ मे च्या प्रीकनेसमध्ये शाम दुसरा आला, दोन्ही वेळा अडीच लेंग्थने (एक लेंग्थ म्हणजे एका घोड्याची लांबी). सेक्रेटेरियटने डर्बीचं सव्वा मैल १ मिनिट ५९.४ सेकंदांत कापलं. तो विक्रम आजही उभा आहे. म्हणजे त्या दिवशी अडीच लेंग्थ मागे राहिलेला घोडाही बहुतेक कुठल्याही दुसऱ्या वर्षी डर्बी घेऊन गेला असता.

त्या शर्यतीचे पाव-पाव मैलांचे आकडे पाहा: २५.२, २४, २३.८, २३.४, २३ सेकंद. प्रत्येक पाव मैल आधीच्यापेक्षा जलद. सव्वा मैलाच्या शेवटी घोडे दमतात आणि जो कमी दमतो तो जिंकतो, हे आपल्याकडे २४०० मीटरची इंडियन डर्बी पाहणाऱ्याला सांगायला नको. हा घोडा शेवटापर्यंत वेग वाढवत होता.

मग ९ जूनची बेलमाँट. दीड मैल, पाच घोडे. जॉकी रॉन टर्कॉट. सेक्रेटेरियट आणि शाम सुरुवातीपासून एकमेकांना भिडले आणि पहिले सहा फर्लांग (आठ फर्लांगांचा एक मैल) १ मिनिट ९.८ सेकंदांत गेले. दीड मैलाच्या शर्यतीत असा वेग धरणं म्हणजे स्वतःच्या हाताने दम संपवणं. शामचा संपला. तो शेवटचा आला आणि पुन्हा कधीच शर्यतीत उतरला नाही. सेक्रेटेरियट मात्र थांबेचना. ३१ लेंग्थ, म्हणजे जवळजवळ ७५ मीटर पुढे. वेळ २ मिनिटं २४ सेकंद, आधीच्या विक्रमापेक्षा २.६ सेकंद कमी. मातीच्या ट्रॅकवर या अंतरासाठी तो आजही सर्वोत्तम आहे. मागचे घोडे किरकोळ असतील तर अंतर वाढतं, हे मान्य. पण घड्याळाला मागे कोण आहे ते दिसत नाही.

आणि एवढंही पुरत नसेल तर त्याच सप्टेंबरमधला मार्लबरो कप बघा. त्यात मागच्या वर्षीची डर्बी आणि बेलमाँट जिंकलेला, त्याच्याच तबेल्यातला रिव्हा रिज होता, कौगर होता, की टू द मिंट होता. सेक्रेटेरियटने रिव्हा रिजला साडेतीन लेंग्थने मागे टाकत नऊ फर्लांग १ मिनिट ४५.४ सेकंदांत संपवले. तो तेव्हाचा जागतिक विक्रम होता.

‘आई साधी, वंशावळीत दम नाही, नशिबाने मिळाला.’ नाणेफेक झाली हे खरं. सेक्रेटेरियटचा बाप बोल्ड रूलर हा ऑग्डेन फिप्स यांच्या कुटुंबाचा. चेनरी कुटुंबाने आपल्या घोड्या त्याच्याकडे पाठवायच्या आणि होणारी शिंगरं दोघांनी वाटून घ्यायची, असा करार होता. १९६९ मध्ये नाणं उडवलं, फिप्स जिंकले आणि त्यांनी समथिंगरॉयल या घोडीची त्या वर्षीची मादी शिंगरी निवडली. पुढच्या वर्षी होणारं पोटातलं शिंगरू पेनी चेनरींकडे, म्हणजे मजकुरातल्या त्या ‘मालकिणी’कडे राहिलं. फिप्स यांची ती शिंगरी, द ब्राइड, कधीच जिंकली नाही. पोटातलं शिंगरू ३० मार्च १९७० ला व्हर्जिनियातल्या ‘द मेडो’ फार्मवर मध्यरात्र उलटल्यावर जन्मलं.

म्हणजे कुणाला मिळणार एवढंच नशिबावर होतं. तो जन्मला तो आखून केलेल्या जोडीतून. बोल्ड रूलर अमेरिकेचा अव्वल सायर (पैदाशीचा नर) आठ वेळा होता. त्याच्या पोरांत वेग भरपूर, पण लांब अंतराला दम पुरत नाही, असा आक्षेप असायचा. म्हणून दुसऱ्या बाजूला समथिंगरॉयल. ती स्वतः एकदाच धावली आणि काहीच केलं नाही, इथपर्यंत मजकूर बरोबर आहे. पण ती प्रिन्सक्विलोची मुलगी, आणि प्रिन्सक्विलो म्हणजे दमाचं रक्त. शिवाय सेक्रेटेरियटच्या आधीच तिने सर गेलॉर्ड दिला होता, ज्याचा मुलगा सर आयव्हर १९६८ ची एप्सम डर्बी जिंकला. धावण्यात शून्य आणि आई म्हणून सोनं, अशा घोड्या प्रत्येक स्टड फार्मवर असतात. ब्रीडर त्यांना जिवापाड जपतो.

पुण्याच्या वाचकांसाठी इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. बोल्ड रूलरचा बाप नसरुल्ला हा आगाखान तिसरे यांच्या घरचा घोडा. नगर रस्त्यावरच्या आगाखान पॅलेसचे तेच आगाखान. नसरुल्लाची आई मुमताज बेगम, आणि तिची आई मुमताज महल, राखाडी रंगाची, इंग्लंडच्या मैदानांवर वाऱ्यासारखी पळणारी घोडी. सेक्रेटेरियटच्या कागदांवर दोन ते चार पिढ्या मागे गेलात की ही नावं भेटतात. ‘दम नाही’ म्हणणाऱ्याने तो कागद उघडलाच नसावा.

‘हृदय तराजूत दहा किलो भरलं.’ तराजू नव्हताच. सेक्रेटेरियट १९ वर्षांचा असताना त्याला लॅमिनायटिस झाला, खुरांच्या आतला तो भयंकर वेदनेचा आजार, आणि ४ ऑक्टोबर १९८९ ला केंटकीतल्या क्लेबोर्न फार्मवर त्याला वेदनेतून सोडवावं लागलं. शवविच्छेदन केलं केंटकी विद्यापीठाच्या डॉ. थॉमस स्वर्झेक यांनी. हृदय अवाढव्य, पण पूर्ण निरोगी होतं, हे त्यांनीच सांगितलं. मात्र ते वजन न करता तसंच परत ठेवलं गेलं. नामांकित घोड्याचं डोकं, हृदय आणि खूर तेवढेच पुरण्याची तिथे प्रथा आहे. सेक्रेटेरियटला अख्खा पुरला.

मग दहा किलो आले कुठून? १९९३ मध्ये शाम गेला. त्याचंही शवविच्छेदन डॉ. स्वर्झेक यांनीच केलं आणि या वेळी हृदय वजनाला लावलं. ते १८ पौंड, आठ किलोंच्या थोडं वर भरलं. साधारण घोड्याचं असतं चार किलोंच्या आसपास. मग सेक्रेटेरियटचं आठवून त्यांनी अंदाज दिला: २२ पौंड असावं. ‘असावं’ हा शब्द वाटेत कुठेतरी गळला. प्रत्यक्ष वजन केलेलं प्रसिद्ध हृदय पाहायचं असेल तर ऑस्ट्रेलियाच्या फार लॅपचं आहे, ६.२ किलो, कॅनबेराच्या राष्ट्रीय संग्रहालयात.

आणि हृदय हेच एकमेव रहस्य असतं, तर शामचं काय? त्याचं हृदय साधारण घोड्याच्या दुप्पट होतं, तरीही तो मागेच राहिला.

आता शेवटचं आणि माझ्या मते सगळ्यात चुकीचं विधान: ‘बाप म्हणून नापास, वंश संपला.’

हा समज कसा तयार झाला ते समजून घ्यायला हवं. फेब्रुवारी १९७३ मध्ये, म्हणजे ट्रिपल क्राउनच्याही आधी, तो पैदाशीसाठी ३२ हिश्श्यांत विकला गेला. एक हिस्सा १,९०,००० डॉलरचा, एकूण ६०.८ लाख डॉलर, तेव्हाचा विक्रम. पेनी यांचे वडील जानेवारीत वारले होते आणि इस्टेटीवरचा कर भरायचा होता. एवढ्या किमतीनंतर लोकांना दुसरा सेक्रेटेरियट हवा होता. तो आला नाही. त्याच्या मुलग्यांपैकी कुणी मोठा सायर झाला नाही आणि बापाकडून मुलाकडे जाणारी त्याची रेषा बारीक होत गेली. हे मी नाकारत नाही.

पण नापास म्हणण्याआधी ही पोरं बघा. लेडीज सीक्रेट, १९८६ ची हॉर्स ऑफ द इयर. रायझन स्टार, १९८८ ची प्रीकनेस आणि बेलमाँट. जनरल असेंब्ली, १९७९ च्या ट्रॅव्हर्समधला त्याचा २ मिनिटांचा विक्रम २०१६ पर्यंत कुणाला मोडता आला नाही. किंग्स्टन रूल, १९९० चा मेलबर्न कप, विक्रमी वेळेत, तोही दोन मैलांचा. पन्नासहून अधिक स्टेक्स (वरच्या दर्जाच्या शर्यती) विजेते. दुसरा कुठलाही घोडा असता तर याला उत्तम कारकीर्द म्हटलं असतं.

खरी गोष्ट मात्र मुलींची आहे. घोड्याचा वंश सांगताना आपण बापाकडून बापाकडे सरळ वर जातो, कारण कॅटलॉगमध्ये सायरचं नाव ठळक असतं. आईच्या बापाचं नाव त्याच्याखाली लहान अक्षरांत. सेक्रेटेरियट त्या लहान अक्षरांत राहतो.

त्याची मुलगी टर्लिंग्वा, स्वतः जलद धावलेली. स्टॉर्म बर्डपासून तिला १९८३ मध्ये स्टॉर्म कॅट झाला. पुढे त्याची एका मिलनाची फी ५ लाख डॉलरवर गेली. दुसरी मुलगी वीकेंड सरप्राइज. तिचा समर स्क्वॉल १९९० ची प्रीकनेस जिंकला, आणि सिॲटल स्लूपासून झालेला ए. पी. इंडी १९९२ ची बेलमाँट आणि ब्रीडर्स कप क्लासिक जिंकून हॉर्स ऑफ द इयर झाला. सिॲटल स्लू हा बोल्ड रूलरच्या नातवाचा मुलगा. म्हणजे ए. पी. इंडीच्या कागदावर बोल्ड रूलर दोन्ही बाजूंनी येतो, आणि आईकडून तो येतो सेक्रेटेरियटमधून. तिसरी मुलगी सीक्रेटेम, तिचा मुलगा गॉन वेस्ट. तीन मुली आणि त्यांचे तीन मुलगे, तिघेही जगभर पसरलेल्या घराण्यांचे मूळपुरुष. १९९२ मध्ये सेक्रेटेरियट अमेरिकेत आईच्या बापांच्या यादीत पहिला होता, जाऊन तीन वर्षं झाल्यावर.

काही जण याचं कारण पुन्हा त्या हृदयात शोधतात: मोठ्या हृदयाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं, घोडा आपलं एक्स फक्त मुलींना देतो, म्हणून मुली भारी निघाल्या. ऐकायला सुंदर आहे, पण सिद्ध झालेलं नाही. मला साधं कारण जास्त पटतं. या मुली स्टॉर्म बर्ड, सिॲटल स्लू, मिस्टर प्रॉस्पेक्टर अशा नरांकडे गेल्या, आणि त्यांच्या वेगाला प्रिन्सक्विलोकडून आलेला दम मिळाला. समथिंगरॉयलच्या बाबतीत जे जमलं होतं, तेच पुन्हा.

आणि ‘संपला’? ३७ वर्षांच्या खंडानंतर २०१५ मध्ये अमेरिकन फॅरोने ट्रिपल क्राउन जिंकला. त्याची आई लिटलप्रिन्सेसएमा, तिचा बाप यँकी जंटलमन, त्याचा बाप स्टॉर्म कॅट. २०१८ मध्ये जस्टिफायने जिंकला. त्याचा बाप स्कॅट डॅडी, त्याचा जोहान्सबर्ग, त्याचा हेनेसी, त्याचा स्टॉर्म कॅट. आणि स्टॉर्म कॅटची आई टर्लिंग्वा, सेक्रेटेरियटची मुलगी.