रिपोर्ट बॉर्डरलाइन आलाय? अभिनंदन!

पंचेचाळिशीच्या माणसाकडे स्वतःचं म्हणावं असं फारसं काही उरलेलं नसतं. घर बँकेचं, पोरं मोबाइलची, रविवार सोसायटीच्या मीटिंगचा. अशात एक दिवस 'तीन महिन्यांच्या साखरे'चा रिपोर्ट येतो, त्यावर ५.९ हा आकडा असतो, आणि माणसाला घरात एकदम वजन येतं. (वजन आधी आलेलं असतं म्हणूनच रिपोर्ट काढलेला असतो, पण ते असो.) ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. डॉक्टर म्हणतात, "सध्या गोळी नको. व्यायाम करा, खाण्यात बदल करा."

हे वाक्य नीट लक्षात ठेवा. डॉक्टरांनी ते तुम्हाला सांगितलेलं आहे. तुम्ही घरी येऊन ते बायकोला सांगायचं. आरोग्यसुधारणेची ही पहिली पायरी, आणि पुष्कळांची शेवटचीही.

मग खरेदी. औंध संस्थानचे भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्काराचा प्रचार करत आयुष्यभर झटले. त्या व्यायामाला एक सतरंजी पुरते. यातच त्याची चूक आहे. जो व्यायाम मांडून दाखवता येत नाही, त्याचा पाहुण्यांवर काय परिणाम होणार? तेव्हा ट्रेडमिलच घ्या. १८१८च्या सुमारास विलियम क्यूबिट नावाच्या इंजिनिअरने इंग्लंडच्या तुरुंगांत कैद्यांना राबवण्यासाठी पायचक्की बसवली, तिचंच नाव या यंत्राने घेतलंय. कैद्यांना निदान सुटण्याची तारीख ठाऊक असायची. तुमच्या ट्रेडमिलचा हप्ता चोवीस महिन्यांचा आहे. पावसाळ्यात मात्र तिच्या दांड्यांवर दोन चादरी आणि चार टॉवेल आरामात वाळतात, त्यामुळे पैसे वाया गेले असं कुणी म्हणू शकत नाही.

बूट घ्या, घड्याळ घ्या. घड्याळाशिवाय चाललेलं शरीराला कळत नाही. दिवसाला दहा हजार पावलं हा पवित्र आकडा १९६५ साली जपानमध्ये विकायला आलेल्या एका पावलंमोजणी यंत्राच्या नावातून आला. 'मान्पोकेई', म्हणजे दहा हजार पावलांचा मीटर. उलट जागतिक आरोग्य संघटना म्हणते, मोठ्या माणसाने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम करावा आणि दोन दिवस स्नायूंना जोर द्यावा. म्हणजे रोजची जेमतेम वीस-पंचवीस मिनिटं भरभर चालणं. इतकं सोपं सांगणाऱ्या संस्थेवर विश्वास तरी कसा ठेवायचा?

चालायला टेकडीच गाठा. जाताना गाडीने जा, कारण टेकडी घरापासून सव्वा किलोमीटर आहे आणि एवढं कोण चालणार. वर पोचलात की महापालिका, मुलीच्या सीईटीचे मार्क आणि गुडघे हे तीन विषय घ्या. उतरल्यावर चहा, त्याबरोबर क्रीमरोल. रविवारी सिंहगड. घाम गाळत वर गेलात की पिठलं-भाकरी, कांदाभजी, मडक्यातलं दही. चढताना खर्चलेलं सगळं वरच वसूल करून खाली यायचं, एक छटाकही गडावर सोडायची नाही. व्यवहाराला चोख असणाऱ्यांचं हे शहर आहे.

आता आहाराकडे वळू, कारण तुमची खरी साधना तिथे आहे. म्हणजे तुम्ही साधना करायची आणि बाकीच्यांनी कष्ट. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष म्हणून साजरं केल्यापासून आपल्याला ज्वारी, बाजरी, नाचणी नव्याने दिसू लागली. कोकणातल्या आज्या नाचणीची आंबील प्यायच्या तेव्हा ती गरिबी होती. आता चकचकीत पाकिटात आली म्हणून तो आहार आहे. शंभर ग्रॅम नाचणीत तीनशे मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं, हे तुम्ही जेवताना मोठ्याने सांगा. ती भाकरी उकड काढून, मळून, न चिरता थापायला किती वेळ लागतो, हा मुद्दा माहितीच्या कक्षेबाहेरचा.

रात्री मूग भिजत घालायचे, सकाळी उपसून फडक्यात बांधायचे, दुसऱ्या दिवशी मोड आले की वाफवायचे. या वाक्यात कर्ता नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. तो तसाच राहू द्या. घरात आता सासऱ्यांना मऊ भात, मुलाला डब्यात पोळी आणि बटाट्याची काचरी, मुलीला कार्ब्ज नकोत, आणि तुम्हाला नाचणी. ओटा एकच. ताट समोर आलं की चष्मा वर करून विचारा, "यात प्रोटीन किती आहे गं?"

एकादशीला उपास जरूर करा. त्याला आता इंटरमिटंट फास्टिंग म्हणतात, तेव्हा लाजायचं कारण नाही. साबुदाणा हा टॅपिओका कंदाचा निव्वळ स्टार्च आहे, त्यावर तूप, दाण्याचं कूट, बटाटा आणि वर खोबरं. तुमच्या ५.९ला उपासाचं पुण्य थेट पोचेल.

या सगळ्यात ओट्यापाशी उभी असलेली बाई काय खाते, असा प्रश्न कुणी विचारला तर विषय बदला. ती सकाळी सातला चहा घेते, दहाला चहा घेते, आणि अडीच वाजता कालच्या पोळ्यांचा कुस्करा खाते, कारण टाकवत नाही. पोह्यांवर लिंबू पिळलं तर लोह अंगी लागतं आणि वर लगेच चहा घेतला तर ते अडतं. हे तुम्हीच तिला सांगितलं होतं, दुसरा कप मागताना. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांमध्ये रक्त कमी आढळलं. त्यांच्यासाठी कुठलं घड्याळ निघालेलं नाही. आणि तिचा रिपोर्ट? तो काढलाच नाही, म्हणजे नॉर्मल.

राहता राहिलं मन. ते पुरुषांना चाळिशीनंतर फुटतं आणि त्याला 'स्ट्रेस' म्हणतात. उपाय सोपा आहे. १९९५ साली मुंबईच्या एका बागेत डॉ. मदन कटारिया यांनी पाच जणांना घेऊन हास्यक्लब सुरू केला, आता तो तुमच्या बागेतही आहे. पहाटे सहाला अनोळखी लोकांकडे बघून हात वर करून 'हो हो, हा हा हा' करून या. घरी आल्यावर मात्र हसू नका, लोक कारण विचारतील. पेपर उघडा आणि गंभीर व्हा.

बायको कधी म्हणाली, "आज काही करावंसंच वाटत नाहीये," तर घाबरू नका. चालण्याने मन हलकं होतं, हे खरं आहे आणि तुम्ही वाचलेलं आहे. तेव्हा तिला प्रेमाने सांगा, "जरा चक्कर मारून ये. येताना कोथिंबीर आण." मनाच्या त्रासावर बोलण्यासाठी टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक २०२२पासून चालू आहे, मराठीतही बोलतात आणि पैसे पडत नाहीत. फुकट आहे म्हणजे काही दम नसणार. शिवाय शेजारी काय म्हणतील? फोन केलेला शेजाऱ्यांना कळत नाही, हा वेगळा मुद्दा.

एक काळजी तेवढी घ्या. घड्याळ दुसऱ्या कुणाच्या मनगटावर बांधू नका. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांकडून हा प्रमाद घडला. उद्दिष्ट त्यांनी गुपचूप दहा हजारांवरून सहा हजारांवर आणलेलं, तरी ॲपमध्ये सलग एकतीस दिवस भरले होते. उद्दिष्ट गाठलं की घड्याळ थरथरून शाबासकी द्यायचं. बत्तिसाव्या दिवशी सर्दी झाली. मालिका तुटू नये म्हणून त्यांनी ते पट्ट्यासकट बायकोच्या हातावर चढवलं आणि मफलर गुंडाळून सोफ्यावर पडले. त्या दिवशी लिफ्ट बंद होती. दूध, शाळेची बस, वाणी, गच्चीवरचे कपडे, सासऱ्यांच्या गोळ्या.

बारालाही दहा मिनिटं होती. स्वयंपाकघरातून आवाज आला, "अहो, हे थरथरतंय बघा. बिघडलं वाटतं. काढा आधी, माझे हात पिठाचे आहेत."