गोराईची लाँच

एस्सेलवर्ल्डचे नाव निघाले की मला पाळण्यांच्या आधी लाँच आठवते. १९८९ साली सुरू झालेले हे मनोरंजन उद्यान आई-बाबांनी मला पहिल्यांदा दाखवले तेव्हा आम्ही डोंबिवलीहून दादरला आलो, पूल ओलांडून बोरिवलीची लोकल पकडली, स्थानकाबाहेरून ‘बेस्ट’ची बस घेतली आणि गोराईच्या खाडीवर जाऊन लाँचमध्ये बसलो. बाबांच्या पगारात स्वतंत्र गाडी बसणारी नव्हती, पण ही वाट बसत होती, आणि म्हणूनच ते उद्यान आमचेही होते.

यंदाच्या मे महिन्यात भाचरांना शेजारच्या वॉटर किंगडमला नेताना मी आग्रहाने हीच वाट धरली. घरातल्यांचे म्हणणे होते की सरळ टॅक्सी करावी. पण ही उद्याने ज्या गोराईत आहेत, ते मुंबई महापालिकेच्या हद्दीत असले, तरी रस्त्याने तिथे जायचे म्हणजे भाईंदर, उत्तन असा मोठा वळसा पडतो. खाडी मात्र लाँच काही मिनिटांत ओलांडते. ओहोटी होती. तिवरांच्या मुळांशी उघड्या पडलेल्या चिखलात निवट्या, म्हणजे चिखलातले छोटे मासे, उड्या मारत होत्या आणि माझी भाची त्या मोजत होती. शेजारी बाजार उरकून परतणाऱ्या एक कोळीण मावशी रिकामी पाटी पायाशी ठेवून बसल्या होत्या. “भरतीला या, मग यातलं काही दिसायचं नाही,” असे त्यांनी तिला सांगितले. समोर विपश्यना पॅगोड्याचा सोनेरी घुमट जवळ येत होता. तिकीट काढून मिळणाऱ्या कोणत्याही मौजेपेक्षा ही दहा-पंधरा मिनिटे कमी मोलाची आहेत, असे मला मुळीच वाटत नाही.

म्हणूनच या वाटेची आबाळ पाहून जीव तुटतो. ओहोटीमुळे उघड्या पडलेल्या जेटीच्या खालच्या पायऱ्या शेवाळलेल्या होत्या, धरायला कठडा नव्हता, आणि एका आजोबांना खलाशांनी दोन्ही दंडांना धरून अक्षरशः उचलून लाँचमध्ये घेतले. परतीची शेवटची लाँच किती वाजता सुटते, हे तिघांना विचारले तेव्हा तीन वेगवेगळी उत्तरे मिळाली. लहान मुले बरोबर असताना धोका कशाला पत्करायचा, म्हणून आम्ही साडेचारलाच निघालो आणि मुलांचे कृत्रिम लाटांच्या तलावात जायचे राहूनच गेले.

ज्याच्याकडे गाडी आहे, त्याला घड्याळाकडे पाहावे लागत नाही. लोकलने येणाऱ्या कुटुंबाचा मात्र निम्मा दिवस या अनिश्चिततेत जातो. पूर्ण दराचे तिकीट दोघेही काढतात. बोरिवली स्थानकाच्या पश्चिमेला बस आणि लाँचच्या वेळा, शेवटच्या फेरीसह, ठळक मराठीत लिहिलेला एक फलक लावावा आणि जेटीच्या पायऱ्यांना कठडा बसवावा, एवढीच माझी मागणी आहे. या वाटेने तुम्ही गेला असाल, तर तुमचा अनुभव खाली जरूर लिहा. ही मागणी लेखी देताना मला तो सोबत जोडायचा आहे.