चिठ्ठ्या मोजून काय होतं? ‘जुना केमिस्ट’ यांना उत्तर

काका, नमस्कार. (काका म्हटलं तर चालेल ना? तीस वर्षं मिरजेत मेडिकल चालवताय म्हणता, म्हणजे मी शाळेत होतो तेव्हापासून.)

आमच्या फार्मसीच्या विद्यार्थ्यांनी डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांवरची औषधं मोजली, त्यावर मी लेख लिहिला होता. त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली: “फार्मसीच्या पोरांना चिठ्ठ्या मोजायला लावून कुठलं औषध धोरण बदलणार? ते दिल्लीत ठरतं. सरासऱ्या काढून डॉक्टरांना बदनाम करायचा उद्योग आहे हा.”

बदनामीचं आधी घेतो, कारण तिथं तुमचं बरोबर आहे. ‘चिठ्ठीमागे चार औषधं म्हणजे उगाच लिहिलेली’ असं मी लिहून गेलो, ते चुकलं. आम्ही वापरतो ती जागतिक आरोग्य संघटनेची 1993ची मोजपट्टी. चिठ्ठीमागे औषधं किती, किती चिठ्ठ्यांवर अँटिबायोटिक, कितींवर इंजेक्शन, ब्रँडऐवजी जेनेरिक (औषधाची मूळ) नावं किती, अत्यावश्यक औषधांच्या यादीतली किती, एवढंच ती सांगते. आजार काय होता ते विचारतच नाही. बीपी, शुगर आणि गुडघे घेऊन आलेल्या आजोबांना पाच औषधं लागणारच! शिवाय अशा पाहणीला किमान 600 चिठ्ठ्या लागतात. आमच्या पोरांनी जमवल्या 90. हात बसायला पुरे, निकाल द्यायला नाही. ते वाक्य आज लेखातून काढलंय.

पण मोजून काही होत नाही, हे नाही पटत. तासगावकडच्या एक आजी आल्या होत्या. पिशवीत दोन डॉक्टरांच्या चिठ्ठ्या. एकीवर शुगरची साधी मेटफॉर्मिन, दुसरीवर शुगरचीच, पण ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन एकत्र असलेली गोळी. ब्रँड वेगळे, पाकिटांचे रंग वेगळे, त्यामुळे आजी दोन्ही इमानेइतबारे घेत होत्या. एकेकटी पाहिली तर कुठलीच चिठ्ठी चुकीची नव्हती. शेवटच्या वर्षाच्या एका मुलीनं स्ट्रिपा उलट्या करून बारीक अक्षरं वाचली, वहीत मेटफॉर्मिनच्या मिलिग्रॅमची बेरीज मांडली, तेव्हा कुठं कळलं की मेटफॉर्मिन दोनदा जातंय. डॉक्टरांना फोन केला. ते चिडले वगैरे नाहीत. म्हणाले, “बरं झालं सांगितलंत,” आणि एक गोळी बंद केली.

आणि दिल्लीचं म्हणाल, तर मार्च 2016 मध्ये 344 मिश्र औषधांवर (एकाच गोळीत दोन किंवा जास्त औषधं) बंदी आली ती केंद्र सरकारनं नेमलेल्या कोकाटे समितीच्या अहवालावरून. समितीचे अध्यक्ष चंद्रकांत कोकाटे फार्मसीचेच प्राध्यापक, बेळगावच्या केएलई विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेले. म्हणजे मिरजेहून रेल्वेनं दुपारपर्यंत पोचाल तिथले! पुढे कंपन्या कोर्टात गेल्या, सर्वोच्च न्यायालयानं फेरतपासणी करायला लावली आणि सप्टेंबर 2018 मध्ये 328 मिश्रणं बंद झाली. कुठल्या गोळीत काय कशासाठी घातलंय, हे एकेक करून तपासायला माणसं लागतात काका. ती अशाच वर्गांतून तयार होतात.

आता एक मागणं. 2014 पासून तुमच्या गल्ल्याशेजारी एच-वनचं रजिस्टर, म्हणजे ठरावीक अँटिबायोटिकं वगैरे विकताना नोंद करायची वही, असणार: डॉक्टर कोण, पेशंट कोण, कुठलं अँटिबायोटिक, किती. पेशंटची नावं झाकून, तुमच्यासमोर बसून, आमच्या दोन पोरींनी आठवडाभर त्यातली अँटिबायोटिकं मोजली तर चालेल? दुपारी दोन ते चार, गिऱ्हाईक कमी असतं तेव्हा. आकडा काय आला ते आधी तुम्हाला दाखवू, मगच इथं लिहू.