काजूच्या तेलाने जनुकं ताळ्यावर येत नाहीत

तो फॉरवर्ड अखेर मावशीच्या फोनवरही पोचला. त्याचं म्हणणं: नस दुखावली की तिची जनुकं कायमची बिघडतात आणि पोराबाळांत उतरतात, नसेच्या दुखण्यावरची गॅबापेंटिन ही गोळी नसा सुकवते, आजच बंद करा, फेणीत काजूच्या टरफलाचं तेल घालून पायाला चोळा, जनुकं पूर्ववत होतील, आणि बी-१२ घ्या.

नस दुखावली तरी जनुकांची अक्षरं तीच राहतात, कुठलं किती वाचलं जातं एवढंच बदलतं. १९९४ साली येल विद्यापीठातले संशोधक वॅक्समन आणि सहकाऱ्यांनी उंदरांत हे दाखवलं. पायाची मोठी नस कापली की मणक्यालगतच्या गाठींतल्या संवेदी पेशी एक सोडियम वाहिनी (सोडियम आत घेऊन संदेश पेटवणारं पेशीचं दार) पुन्हा बनवू लागतात, जी गर्भावस्थेनंतर बंद झालेली असते. तिचं जनुक एससीएन३ए. ही वाहिनी मिटल्यावर चटकन सावरते, म्हणून पेशी किरकोळ निमित्तानेही लागोपाठ संदेश सोडते. आवर घालणाऱ्या पोटॅशियम वाहिन्यांची जनुकं त्याच वेळी मंदावतात. पण ‘कायमची’ कसली? पुढे उंदरांना जीडीएनएफ हा वाढघटक दिल्यावर एससीएन३ए पुन्हा खाली आलं.

पोराबाळांचं तर सोडाच. पायाच्या नसेतला बदल बीजपेशीत जात नाही. एससीएन९ए या दुसऱ्या एका सोडियम वाहिनीच्या जनुकाचे दोष वंशपरंपरेने येतात खरे, पण ते जन्मजात असतात, इजेने होत नाहीत.

गोळ्यांबाबत तर उलटीच गंगा. इजेनंतर उंदरांच्या याच पेशींत कॅल्शियम वाहिनीचं अल्फा-२-डेल्टा-१ हे जोडप्रथिन वाढतं, आणि गॅबापेंटिन नेमकी त्यालाच चिकटते, नसा सुकवत नाही. ती एकदम तोडली तर झोप उडते, घाम, मळमळ, घालमेल. फेफऱ्याच्या रुग्णाला झटकेही येऊ शकतात. थांबवायचीच तर डॉक्टरांना विचारून, किमान आठवडाभर डोस उतरवत.

आता ते तेल. काजूच्या टरफलात अॅनाकार्डिक आम्ल आणि कार्डोल असतं, कातडी भाजून फोड येतात. टरफलं फोडणाऱ्या बायका हाताला आधी तेल किंवा राख फासतात ती काय हौस म्हणून? बधिर पायाला फोड कळतच नाही. त्यावर चप्पल घासते, कातडी सुटते, जखम चिघळते. मधुमेह असेल तर बोटावर बेतू शकतं. वर फेणीने कातडी कोरडी पडून भेगा. आणि नसेच्या पेशींची ती जनुकं आहेत मणक्याजवळ, पोटरीत नव्हे!

बी-१२चं अर्धं खरं, मानावं लागेल. त्याच्या कमतरतेनेही नसा बिघडतात, आणि वर्षानुवर्षं मधुमेहाची मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ते घटू शकतं. रक्त तपासा, कमी असेल तर घ्या. दबलेली किंवा कापलेली नस मात्र त्याने सुटत किंवा सांधत नाही.